रीलोडिंगचं बेंच आवरताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान अमेरिकेत राहणाऱ्या, रेंजवर नेमबाजी करणाऱ्या आणि आपली काडतुसं घरीच भरणाऱ्या मराठी मंडळींसाठी आहे. कोणत्या गोळीमागे किती पावडर (म्हणजे बंदुकीची दारू), हे इथे सापडणार नाही. त्यासाठी पावडर आणि गोळ्या बनवणाऱ्या कंपन्यांची ताजी मॅन्युअल आहेत, आणि तीच वापरायची. इथे विषय फक्त टेबलाचा आहे: त्यावर काय असावं, काय नसावं, आणि साठलेला पसारा कसा उपसावा. या छंदात पसारा नुसता डोळ्यांना खुपत नाही. त्यातून चुकीची पावडर चुकीच्या पुंगळीत (काडतुसाच्या धातूच्या नळीत) जाते, आणि ती चूक बंदूक चेहऱ्याजवळ असताना कळते.

हा छंद भारतात करता येतो का?

परवान्याशिवाय घरी, नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे काडतुसं बनवायला परवाना लागतो, आणि त्या कायद्याने काडतुसाचे सुटे भाग व ते बनवायची यंत्रंही दारूगोळ्यातच धरली आहेत. जुना प्रेस (काडतुसं भरायचं दांड्याचं यंत्र) गावाकडच्या भावाला देऊन टाकावा, असा विचार मनात आला तर तो तिथेच सोडा.

अमेरिकेत स्वतःच्या वापरापुरती काडतुसं भरायला फेडरल परवाना लागत नाही. विकायला बसलात की लागतो. एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांनी मात्र आधी थांबावं. अशा तात्पुरत्या व्हिसावर बंदूक आणि काडतुसं बाळगायला फेडरल कायद्यानेच मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना हा त्यातला नेहमी सांगितला जाणारा अपवाद आहे, पण त्यावर वकिलाशी बोलल्याशिवाय विसंबू नये. ग्रीन कार्डवाल्यांना ही मनाई नाही. याशिवाय राज्याचे, शहराचे आणि भाड्याच्या घराचे नियम वेगळे असतात.

बेंच पार भरलंय. सुरुवात कुठून करू?

पहिल्यांदा पावडर आणि प्रायमर (पुंगळीच्या बुडात बसणारी, ठिणगी देणारी टोपी) उचला. अवजारं, पितळ (म्हणजे रिकाम्या पुंगळ्या), डाय (प्रेसवर बसणारे साचे) हे सगळं नंतर. आवरताना माणूस ओढतो, ढकलतो, ड्रिल चालवतो, फळ्या ठोकतो, आणि हे सगळं पावडरच्या डब्याशेजारी करायचं नसतं. प्रेसमध्ये अर्धवट राहिलेली काडतुसं काढा, हॉपर (पावडर मोजून सोडणारं भांडं) रिकामा करा, प्रायमरची नळी तपासा. हे दोन्ही प्रकार त्यांच्या जागी गेले की मग खुशाल हातोडी घ्या.

त्यानंतर टेबल पूर्ण मोकळं करा. एक कोपरा आज, एक पुढच्या रविवारी, अशाने पसारा नुसता जागा बदलतो. सगळं जमिनीवर जुन्या चादरीवर मांडा आणि दर वस्तूला एकच विचारा: गेल्या वर्षभरात ही वापरली का? मी आता ज्या कॅलिबरची (नळीच्या मापाची) बंदूकच ठेवत नाही, त्याचे डाय आणि पुंगळ्या इथे का आहेत? बहुतेक बेंचवर निम्मी जागा अशाच सामानाने अडवलेली असते. क्लबमध्ये कुणाला तरी ते हवं असतं, देऊन टाका.

बेंचवर पावडरचे दोन डबे असले तर काय बिघडलं?

सगळं बिघडलं. या पानावरचा एकच नियम लक्षात ठेवणार असाल तर हा ठेवा: बेंचवर एका वेळी एकच पावडर, एकाच प्रकारचे प्रायमर, एकाच कॅलिबरच्या पुंगळ्या.

धूरविरहित पावडर दिसायला फसवी असते. पिस्तुलाची झटकन जळणारी आणि रायफलची सावकाश जळणारी यांतला फरक दरवेळी डोळ्यांना कळतोच असं नाही. त्यात नावंही एकमेकांच्या जवळची. आयएमआर ४३५० आणि हॉजडनची एच ४३५० या दोन वेगळ्या पावडरी आहेत, त्यांचे मॅन्युअलमधले आकडे वेगळे आहेत. ४८३१ चंही तसंच. शेजारी शेजारी ठेवलेले दोन डबे, संध्याकाळची वेळ, मध्येच आलेला फोन, आणि हॉपरमधली उरलेली पावडर परत ओतताना हात चुकीच्या डब्यावर जातो. आता तो डबाभर पावडर निकामी झाली, कारण मिसळलेली पावडर वेगळी करता येत नाही. आणि ती मिसळल्याचं ध्यानातच आलं नसेल, तर पुढचं सांगायला नको.

म्हणून डबा कपाटातून आणायचा, लेबल मोठ्याने वाचायचं, मॅन्युअलच्या पानाशी ताडायचं, मग झाकण उघडायचं. काम संपेपर्यंत तोच डबा हॉपरच्या मागे, लेबल समोर करून. काम संपलं की पावडर परत त्यात, डबा कपाटात. हॉपरवर कागदी टेपने पावडरचं नाव चिकटवण्याची सवय फार चांगली. बिननावाची पावडर बेंचवर सापडली, तर ती कोणती असेल याचा अंदाज बांधायचा नाही. ती गेली.

उद्या पुन्हा बसणारच आहे. रात्रभर हॉपरमध्ये राहू दिली तर चालेल?

नको. नायट्रोग्लिसरीन असलेल्या पावडरी हॉपरच्या प्लॅस्टिकवर डाग पाडतात, ते खरवडल्यासारखं होतं. उजेड आणि दमट हवा यांनी पावडरही बिघडते. पण खरं कारण हे की उद्या बसणारच होतो तो माणूस तीन आठवड्यांनी बसतो, आणि तोवर हॉपरमध्ये काय होतं ते नक्की आठवत नाही.

पावडर ठेवायची कुठे, आणि किती?

मूळ डब्यातच. हा डबा मुद्दाम हलका बनवलेला असतो, आग लागली तर आतला दाब फार वाढायच्या आत तो फुटावा म्हणून. काचेची बरणी, स्टीलचा डबा, रबरी गॅस्केटचं लष्करी अॅमो कॅन यांपैकी काहीही पावडरसाठी नाही. बंदुकांच्या जड तिजोरीत पावडर ठेवणारे बरेच भेटतात, कुलूप लागतं म्हणून. त्यांचा हेतू चांगला असतो, पण जाड पोलादात बंद झालेली पावडर जळताना दाब साठवते. लाकडी कपाट घ्या आणि त्याला कुलूप लावा.

एनएफपीए ४९५ या अग्निसुरक्षा मानकाप्रमाणे घरात वैयक्तिक वापरासाठी मूळ डब्यांत २० पौंडांपर्यंत पावडर ठेवता येते. २० च्या वर ५० पौंडांपर्यंत ठेवायची तर किमान १ इंच जाडीच्या लाकडी पेटीत किंवा कपाटात. प्रायमरची मर्यादा १०,००० नग. अनेक शहरं यापेक्षा कडक आहेत, म्हणून तुमच्या फायर विभागाला एकदा विचाराच. माझं स्वतःचं मत विचाराल तर हे आकडे मर्यादेचे आहेत, गरजेचे नाहीत. वर्षभरात संपेल त्याहून जास्त साठा करून ठेवू नये.

टेक्सास, ॲरिझोनाकडे गॅरेज उन्हाळ्यात भट्टी होतं, तिथे पावडर नको. घरातलं थंड, कोरडं कपाट बरं. आमच्या मिशिगनकडे तळघर थंड असतं पण ओलं, म्हणून डिह्युमिडिफायर हवा. पाण्याचा हीटर किंवा फर्नेस असलेल्या खोलीत पावडर कधीच नको.

दरवर्षी एकदा प्रत्येक डबा उघडून वास घ्या. चांगल्या पावडरला ईथर-अल्कोहोलसारखा सौम्य वास असतो. आंबट, नाकाला झोंबणारा वास, विटकरी भुकटी, तांबूस वाफ किंवा डब्याच्या झाकणाला आतून गंज दिसला तर ती पावडर बिघडली आहे. ती ठेवू नका, आणि विल्हेवाट कशी लावायची ते फायर विभागाकडून किंवा काउंटीच्या घातक कचरा केंद्राकडून समजून घ्या.

प्रायमर छोट्या बाटलीत काढून ठेवले तर जागा वाचते का?

जागा वाचते आणि बाटलीचा बॉम्ब होतो. प्रायमरच्या पेटीत प्रत्येक नग वेगळ्या खाचेत का बसवलेला असतो याचा विचार करा. एक पेटला तर शेजारचा पेटू नये म्हणून. सुटे प्रायमर एकत्र ओतले की ती सोय संपते आणि सगळे एकदम उडू शकतात. त्यांना मूळ वेष्टणातून फक्त लागतील तेवढेच, लागतील तेव्हाच काढा, उरलेले परत त्याच पेटीत. पावडर आणि प्रायमर एका कप्प्यात नकोत.

स्मॉल प्रायमरचा व्यास ०.१७५ इंच, लार्जचा ०.२१० इंच. पण स्मॉल पिस्तूल आणि स्मॉल रायफल यांचा व्यास एकच आहे आणि कप (प्रायमरची धातूची वाटी) वेगळा आहे, म्हणजे डोळ्यांनी ओळखायचा प्रश्नच नाही, पेटीवरचं लेबल हाच पुरावा. जमिनीवर पडलेला प्रायमर लगेच शोधून उचला. याच कारणासाठी बेंचखाली गालिचा नको.

तेलात बुडवले की जुने प्रायमर मरतात ना?

भरवसा नाही. वाळल्यावर ते पुन्हा जिवंत होऊ शकतात. नको असलेले प्रायमर कचऱ्यात टाकू नका, पावडरसारखीच चौकशी करून सोपवा.

पुंगळ्यांच्या बादल्याच बादल्या आहेत. त्यांचं काय?

इथे सगळ्यात जास्त वेळ जातो आणि तो घालवण्यासारखा आहे. रेंजवरून उचललेलं पितळ म्हणजे मिसळ माल. पहिल्यांदा चुंबक फिरवा, लोखंडी पुंगळ्या वर येतील. ॲल्युमिनियमच्या पुंगळ्या चुंबकाला चिकटत नाहीत पण रंगावरून लगेच कळतात. दोन्ही बाजूला काढा. मग एकेका पुंगळीच्या आत डोकावा. तळाला एक छिद्र असेल तर ती बॉक्सर, आपल्या कामाची. दोन बारीक छिद्रं असली तर बर्डन, ती डीकॅपिंगची (जुना प्रायमर काढायची) पिन मोडते.

टम्बलरमध्ये (पुंगळ्या घुसळून साफ करणाऱ्या यंत्रात) मिसळ माल टाकला तर ९ मिलिमीटरची पुंगळी .४० मध्ये, .४० ची .४५ मध्ये जाऊन घट्ट बसते, म्हणून धुण्याआधीच वेगळ्या करा. .४५ एसीपीचं पितळ आणखी एकदा चाळावं लागतं, कारण त्यात लार्ज आणि स्मॉल असे दोन्ही आकाराच्या प्रायमरचे खळगे येतात. लष्करी ५.५६ च्या पुंगळ्यांमध्ये प्रायमरभोवती कड दाबलेली असते, ती काढल्याशिवाय नवा प्रायमर नीट बसत नाही. त्यांचा डबा वेगळा, वर ठळक 'क्रिम्प काढायचा आहे'.

.२२३ आणि .३०० ब्लॅकआउट दोन्ही वापरणाऱ्यांना तर मी हात जोडून सांगेन. या दोन पुंगळ्यांचा बूड एकच, मॅगझिन एकच, .३०० ब्लॅकआउटच्या पुंगळ्या .२२३ च्याच कापून बनवता येतात. .३०० चं काडतूस .२२३ च्या चेंबरमध्ये गेलं आणि घोडा ओढला, तर बंदूक फुटते. या दोन्हींच्या पुंगळ्या, भरलेली काडतुसं, मॅगझिन, सगळ्याचे रंग वेगळे ठेवा आणि जमलं तर खोलीच्या दोन टोकांना ठेवा. कारखानेही असाच विचार करतात. अमेरिकेत २० गेजची शॉटगनची काडतुसं पिवळी असतात, ती चुकून १२ गेजच्या नळीत अडकून वर दुसरं काडतूस भरलं जाऊ नये म्हणून.

डबे पारदर्शक घ्या. प्रत्येकावर कॅलिबर, कितवी फेरी, आणि काम कुठवर आलं आहे ते लिहा: धुतलं, साइझ केलं (मापात आणलं), ट्रिम केलं (लांबी कापली), प्रायमर लावला. तडा गेलेलं किंवा बुडाशी चमकदार कडं दिसणारं पितळ पक्कडीने दाबून भंगारात टाका, म्हणजे ते परत चांगल्यात मिसळणार नाही.

डाय आणि शेल होल्डर कसे लावावेत?

कॅलिबरप्रमाणे पेट्या, कंपनीप्रमाणे नाही. एका पेटीत डाय, त्याचा शेल होल्डर (प्रेसमध्ये पुंगळीचं बूड धरणारा तुकडा), त्याचं केस गेज (पुंगळीचं माप तपासायचं साधन) आणि प्रेसच्या सेटिंगची चिठ्ठी. शेल होल्डरवरचे आकडे कंपनीगणिक बदलतात: .३०८ ला आरसीबीएसचा ३ नंबर लागतो आणि लीचा २ नंबर. एका डबीत सगळे ओतून ठेवले की शोधण्यात अर्धा तास जातो.

बहुतेक डायचे आटे ७/८ इंच, इंचाला १४, असे एकसारखे असतात, त्यामुळे ते कुठल्याही प्रेसवर चढतात. डिलन कंपनीचा स्क्वेअर डील बी हा प्रेस मात्र स्वतःचेच डाय मागतो. तो विकलात तर डायही त्याच्यासोबत द्या.

वजनकाटा कुठे ठेवू?

पंखा, एसीची जाळी आणि खिडकी यांपासून लांब, सपाट आणि न हलणाऱ्या फळीवर. प्रेसचा दांडा ओढला की टेबल हलतं, म्हणून काट्यासाठी भिंतीत स्वतंत्र फळी ठोकली तर उत्तम. आपण ग्रेनमध्ये मोजतो, एका पौंडात ७००० ग्रेन, म्हणजे एक ग्रेन जेमतेम ६५ मिलिग्रॅम. इतक्या बारीक मोजमापात वाऱ्याची झुळूकही आकडा बदलते. इलेक्ट्रॉनिक काट्याला आधी तापू द्या, मोबाइल शेजारी ठेवू नका, आणि तपासणीची वजनं काट्याच्या शेजारीच ठेवा. खणात ठेवलेली वजनं कुणी काढत नाही.

बेंच नवं बनवायचं तर कसं बनवावं?

जड आणि भिंतीला बोल्टने जखडलेलं. वरची फळी ३/४ इंची प्लायवूडचे दोन थर एकमेकांवर चिकटवून. रॉक चकरसारखा सिंगल-स्टेज (एका वेळी एकच टप्पा करणारा) प्रेस पुढच्या कडेला, टेबलाच्या पायाच्या अगदी जवळ बसवा, मधोमध नको. उंची उभं राहून काम करता की बसून, त्यावर ठरवा.

उजेडावर पैसे खर्च करा. फळीच्या खालच्या बाजूला एलईडीची पट्टी अशी लावा की लोडिंग ब्लॉकमधल्या (पुंगळ्या उभ्या ठेवायच्या खाचांच्या ठोकळ्यातल्या) प्रत्येक पुंगळीत तळापर्यंत दिसेल. पिस्तुलाच्या काही पावडरी इतक्या थोड्या लागतात की दुप्पट पावडरही पुंगळीत मावते आणि वरून काही कळत नाही. गोळी बसवायच्या आधी ५० च्या ५० पुंगळ्यांत बॅटरी मारून बघणं, हे चांगल्या उजेडात सहज होतं आणि अंधाऱ्या बेंचवर राहून जातं.

अपार्टमेंटमध्ये एवढी जागा कुठून आणू?

प्रेस जाड फळीवर बसवा आणि ती फळी क्लॅम्पने टेबलाला लावा. मात्र त्यासाठी जेवायचं टेबल वापरू नका.

पेगबोर्ड चांगला की खण?

रोजची हत्यारं पेगबोर्डवर: कॅलिपर, पाने, चिमटा, नरसाळं, डीबरिंगचं (पुंगळीची कड घासायचं) हत्यार. सुटे स्प्रिंग, पिना, स्क्रू खणात. पेगबोर्डवर प्रत्येक हत्याराभोवती मार्करने बाह्यरेषा काढली की काय जागेवर नाही ते दारातूनच दिसतं.

घरात लहान मुलं आहेत. कुलूप लावलं की झालं ना?

कुलूप लागतंच, पण त्याने शिसं अडत नाही. प्रायमरमध्ये लेड स्टिफनेट असतं, आणि वापरलेल्या पुंगळ्यांवर व टम्बलरच्या मक्याच्या किंवा अक्रोडाच्या भुशात त्याची बारीक धूळ बसते. मुलांच्या रक्तातलं शिसं कितीही कमी असलं तरी ते निर्धोक मानत नाहीत. सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्यसंस्थेने २०२१ मध्ये मुलांसाठीची संदर्भ पातळी ३.५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरवर आणली.

म्हणून टम्बलर राहत्या खोलीत नको. झाकण लावून चालवा, भुसा चाळायचं काम बाहेर अंगणात, हातमोजे आणि मास्क घालून. पाण्याचा आणि स्टीलच्या पिनांचा टम्बलर धूळ उडवत नाही, हा त्याचा मोठा फायदा, पण ते काळं पाणी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये ओतू नका. बेंचवर चहा, चिवडा, सिगरेट काही नाही. काम झालं की शिसं काढणाऱ्या साबणाने आणि गार पाण्याने हात धुवा, कपडे वेगळे धुवा, बेंचवरच्या चपला बेंचपाशीच सोडा. वर्षातून एकदा घरातल्या सगळ्यांची रक्ततपासणी करून घ्या, डॉक्टरांना स्पष्ट सांगून.

बेंच व्हॅक्यूमने साफ करू?

सांडलेली पावडर किंवा प्रायमर असतील तर अजिबात नाही. मोटरची ठिणगी आणि स्थिर वीज, दोन्ही तिथे आहेत. मऊ ब्रश आणि सुपली घ्या. शिशाच्या धुळीसाठी ओलं फडकं.

वही लागतेच का? मोबाइलवर नोंद चालणार नाही का?

चालेल, पण वही बेंचवर उघडी असते म्हणून ती लिहिली जाते. तारीख, पावडर आणि तिचा लॉट नंबर, वजन, प्रायमर, गोळी, पुंगळीची कंपनी, काडतुसाची एकूण लांबी. हेच सगळं लहान अक्षरात काडतुसांच्या पेटीवर. पेटी आणि वही जुळत नसतील तर ती काडतुसं झाडायची नाहीत.

खणाच्या तळाशी सुटी काडतुसं सापडली. झाडून संपवू?

कुणी भरली ते माहीत नाही, किती पावडर आहे ते माहीत नाही. झाडू नका. काडतुसं तुमचीच भरलेली असतील तर ती पुलरने (गोळी ओढून काढायच्या साधनाने) उकलून पुंगळी आणि गोळी वाचवता येते, पावडर मात्र फेकायची. हातोड्यासारख्या पुलरमध्ये .२२ रिमफायर (ज्यात वेगळा प्रायमर नसून ते मिश्रण बुडाच्या कडेतच असतं) कधीच घालू नका. परक्याची भरलेली काडतुसं रेंजच्या किंवा पोलिसांच्या हवाली करा.

शेजारचे काका वारले. काकू म्हणतात, हे सगळं बेंच आवरून द्या. काय करू?

हे काम पुढे येणारच, कारण काडतुसं भरणाऱ्यांत वयस्कर मंडळी खूप आहेत. काकूंना सांगा, तोवर कुणी काही हलवू नका. उघडे डबे, बिननावाच्या बाटल्या, सुटे प्रायमर आधी शोधा आणि त्यांना न हलवता फायर विभागाच्या साध्या क्रमांकावर फोन करून विचारा. सील न उघडलेल्या डब्यांना आणि पेट्यांना क्लबमधून जाणता माणूस मिळतो. प्रेस, डाय, काटा यांना बाजारात चांगली किंमत येते, म्हणून काकूंना घाईघाईने सगळं एका हाती विकू देऊ नका. बंदुका असतील तर त्यांचं हस्तांतरण राज्याच्या नियमांप्रमाणे, परवानाधारक विक्रेत्याकडूनच करा.

काकांनी भरलेली काडतुसं कितीही नीटनेटक्या पेट्यांत असली, तरी ती तुमच्या बंदुकीत घालू नका. एखाद्याच्या रायफलसाठी बेतलेलं काडतूस दुसऱ्या रायफलमध्ये जास्त दाब देऊ शकतं.

पुढच्या महिन्यात पुण्याला चाललोय. या सगळ्याचा प्रवासाशी काही संबंध आहे?

आहे. रेंजची बॅग ही फक्त रेंजची बॅग. तीच सॅक घेऊन विमानतळावर गेलेल्या माणसाच्या अस्तरात किंवा बाजूच्या कप्प्यात एखादं काडतूस राहिलेलं असतं. भारतात विमानतळावर सामानात जिवंत काडतूस सापडलं की शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा दाखल होऊ शकतो, आणि 'विसरून राहिलं' हे पोलिसांना आणि पुढे कोर्टात सिद्ध करत बसावं लागतं. सुट्टी तिथेच संपते. पावडर आणि प्रायमर तर अमेरिकेतून निघतानाच ना केबिनमध्ये चालतात ना चेक-इनमध्ये.

बेंच आवरताना म्हणूनच घरातल्या सगळ्या बॅगा, जॅकेटं, कॅमेऱ्याच्या पिशव्या आणि गाडीची डिकी उलटी करून झटका. रिकामी पुंगळीसुद्धा नेऊ नका, कीचेन म्हणूनही नाही. आणि प्रवासाची बॅग बेंचच्या खोलीत ठेवतच जाऊ नका.